फायब्रोमायल्जियात मणका ‘बसवून’ घ्यावा का?

कागल तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, 44 वर्षांच्या शिक्षिकाताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांपासून मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या असे सारे अंग ठणकते. झोप लागते, पण विसावा मिळत नाही. सकाळी उठताना रात्रभर कोणी कुटून काढल्यासारखे वाटते. फळ्यावर लिहिता लिहिता नेहमीचा शब्दसुद्धा आठवेनासा होतो. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, एमआरआयमध्ये ‘मणक्यात थोडी गॅप’ निघाली आणि अखेर संधिवाततज्ज्ञांनी फायब्रोमायल्जिया असे निदान केले. नणंदेने त्यांना मोबाइलवर कायरोप्रॅक्टिक उपचारांचे व्हिडिओ दाखवले, ज्यांत मान झटकन वळवताच ‘कट्’ असा आवाज येतो आणि रुग्ण हसत उठून बसतो. एका केंद्राने 24 सिटिंगचे पॅकेज सांगितले असून पैसे आगाऊ मागितले आहेत. ते घ्यावे का, असे त्या विचारतात.

ताई, मी गेली 22 वर्षे कोल्हापुरात फिजिओथेरपी करते आणि त्यातली बरीच वर्षे हाताने करण्याच्या उपचारांतच गेली आहेत. त्यामुळे हाताच्या उपचारांना मी कमी लेखणार नाही. तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन ठेवते: ते पॅकेज घेऊ नका, आणि मानेला झटका तर कोणाकडूनही देऊन घेऊ नका. हलक्या हाताच्या उपचाराला आपल्या आजारात जागा आहे, पण ती लहान आहे आणि व्यायामाच्या शेजारी आहे. असे मी का म्हणते, ते सविस्तर सांगते.

सुरुवात त्या ‘गॅप’पासून करू, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी कितीतरी जणींच्या मनात तो शब्द काट्यासारखा रुतलेला असतो. आपल्याकडे ज्याला गॅप म्हणतात ती बहुधा मणक्यांमधल्या चकतीची वयानुसार होणारी झीज असते. ज्यांना पाठीचे कसलेही दुखणे नाही अशा हजारो लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात विशीतल्या 37 टक्के, चाळिशीतल्या 68 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के निरोगी माणसांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे आपल्या वयाच्या, अगदी ठणठणीत असलेल्या तीन शिक्षिकांचा एमआरआय काढला, तर त्यांतल्या दोघींच्या अहवालात असेच काहीतरी लिहून येईल. शिवाय कमरेतल्या एका चकतीमुळे मांड्या, दंड, जबडा आणि छातीच्या फासळ्या एकाच वेळी दुखत नाहीत.

मग दुखते कशाने? दुखणे अंगात जाणवते, पण बिघाड असतो तो वेदनेची वर्दी पोचवणाऱ्या आणि तिचे मोजमाप करणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मज्जारज्जू आणि मेंदूत. 2002 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूची प्रतिमा घेतली. निरोगी माणसाला जेवढी वेदना बऱ्याच जास्त दाबाने होत होती, तेवढीच वेदना रुग्णांना कमी दाबाने झाली आणि मेंदूतील वेदनेचे भागही त्या कमी दाबानेच उजळले. आपल्या दुखण्याला कोणी मनाचे खेळ म्हटले असेल, तर त्याला हे सांगावे. वेदना खरी आहे. फक्त तिचा आवाज वाढवणारे बटण शेवटच्या टोकाला जाऊन अडकले आहे. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने 2017 मध्ये अशा वेदनेसाठी ‘नॉसिप्लास्टिक’ असा वेगळा वर्गच मान्य केला. जखम किंवा सूज यांमुळे होणारी वेदना आणि नस दबल्यामुळे होणारी वेदना, यांहून ही निराळी.

यात झोपेचा वाटा फार मोठा आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. 1975 मध्ये कॅनडातील एका संशोधनात निरोगी तरुणांची गाढ झोप काही रात्री मुद्दाम मोडण्यात आली, तेव्हा त्यांचेही अंग दुखू लागले आणि ठरावीक जागी दाबल्यावर ते कळवळू लागले. झोप पूर्ववत होताच तो त्रास ओसरला. आपण लिहिले आहे की झोप लागते पण विसावा नाही. तेच या आजाराचे लक्षण आहे आणि तेच त्याला खतपाणी घालणारे कारणही आहे.

आता कायरोप्रॅक्टिककडे वळू. ही पद्धत अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट या गावी डी. डी. पामर यांनी 1895 मध्ये सुरू केली. मणके किंचित सरकल्यामुळे मज्जातंतूंच्या कामात अडथळा येतो आणि त्यातून आजार उद्भवतात, अशी त्यांची मूळ धारणा होती. आज या व्यवसायातील अनेक जाणती मंडळी तो विचार मागे टाकून पाठ-मानेच्या दुखण्यापुरते आणि व्यायामाला धरून काम करतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण व्हिडिओंतून जे आपल्यापर्यंत पोचते ते जुन्याच धारणेचे दर्शन असते: मणका सरकला होता, आवाज आला, मणका बसला. वास्तविक तो आवाज हाडाचा नसतो. सांधा झटकन ताणला गेला की आतील वंगणासारख्या द्रवातला दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. त्याचा तो आवाज. बोटे मोडताना येतो तोच. आवाज आला म्हणजे काही जागेवर बसले, असे नाही, आणि नाही आला म्हणजे उपचार फसला, असेही नाही.

कोल्हापूरच्या माणसाला ‘बसवणे’ या शब्दाची ओढ असणे मी समजू शकते. इथे तालमीतल्या वस्तादाने लचकलेला खांदा किंवा धरलेली कंबर हातासरशी मोकळी केल्याच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात आणि त्यांतल्या पुष्कळ खऱ्या असतात. उसण भरली तर पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. पण पैलवानाची लचक म्हणजे काल-परवा झालेली, एका जागेची, यांत्रिक स्वरूपाची दुखापत. तिथे आखडलेला स्नायू सैल पडला की माणूस खरोखरच हलका होतो. (निखळलेला सांधा किंवा मोडलेले हाड मात्र तालमीत नव्हे, दवाखान्यातच न्यावे.) आपले दुखणे चार वर्षांचे, सर्वांगाचे आणि मज्जासंस्थेच्या संवेदनशीलतेचे आहे. दोन्हींना आपण ‘अंग दुखणे’ म्हणतो, एवढेच त्यांच्यातले साम्य.

कायरोप्रॅक्टिकने फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांना काही लाभ होतो का, याचे अभ्यास झाले आहेत, पण ते अगदी लहान आहेत. पंधरा-वीस किंवा फार तर काही डझन रुग्ण, आणि तेही थोड्या आठवड्यांपुरते. युरोपीय संधिवात महासंघाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित शिफारशींमध्ये सर्व उपायांची छाननी केली, तेव्हा ज्याच्या बाजूने ठाम शिफारस करता येईल असा एकच उपाय निघाला, तो म्हणजे व्यायाम. कायरोप्रॅक्टिकच्या बाबतीत त्यांनी सुरक्षिततेच्या कारणावरून विरोधात मत दिले.

तरी एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, कारण माझा दवाखान्यातला अनुभव त्याच्याशी जुळतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकी अभ्यासात फायब्रोमायल्जिया असलेल्या स्त्रियांचे दोन गट 16 आठवडे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम करत होते. त्यांतल्या एका गटाला जोडीने कायरोप्रॅक्टिक उपचारही मिळत होते. ताकद दोन्ही गटांची वाढली आणि आजाराचा त्रास कमी होण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. फरक पडला तो चिकाटीत: ज्यांना हाताचे उपचार मिळत होते त्यांच्यापैकी व्यायाम अर्ध्यावर सोडणाऱ्या कमी निघाल्या आणि सत्रांना त्या अधिक नियमित आल्या. अभ्यास लहान आहे, त्यावर इमारत उभारता येणार नाही. पण हाताच्या उपचाराचे खरे काम काय असावे, ते त्यातून दिसते: दुखणाऱ्या शरीराला थोडा वेळ मऊ करावे, भीती कमी करावी आणि त्या मोकळ्या अर्ध्या तासात, किंवा एक-दोन दिवसांत, माणसाला हालचालीकडे न्यावे. ही हालचाल झालीच नाही, तर मिळालेला आराम दोन दिवसांत विरून जातो आणि माणूस पुढच्या सिटिंगची वाट पाहत बसतो. 24 सिटिंगच्या पॅकेजला माझा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

हात किती हलका असावा, हे मी चूक करून शिकले. नव्याने काम सुरू केले तेव्हा अशाच एका रुग्णबाईंच्या खांद्यांतील गाठी मी अंगठ्याने जोर लावून दाबल्या. त्या काही बोलल्या नाहीत, कारण उपचार म्हणजे सोसायचे असते अशी त्यांची समजूत होती. घरी गेल्यावर त्या तीन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. निरोगी माणसाला जो दाब ‘बरा’ वाटतो तो या आजारात मज्जासंस्थेला हल्ल्यासारखा वाटू शकतो, हे मी वाचले होते. त्या दिवशी ते मला कळले. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी जवळजवळ काहीच करत नाही. हात ठेवते, संथपणे सरकवते, आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटले ते फोनवर विचारते. रगडून घेतल्याशिवाय बरे वाटत नाही असे सांगणाऱ्याही येतात. त्यांनाही मी हेच सांगते.

मानेच्या झटक्याबद्दल मात्र मला अधिक कडक बोलावे लागेल. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या वर जातात. जोरात वळवताना त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. असे क्वचितच घडते, हे मान्य. पण ज्या उपचारातून आपल्याला भरीव लाभ होण्याची शक्यताच कमी आहे, त्यासाठी एवढी जोखीम का घ्यावी? आमवाताच्या रुग्णांत मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, हाडे ठिसूळ झालेल्यांत किंवा बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्यांत बारीक झटक्यानेही हाड मोडू शकते, आणि ज्यांचे सांधे जन्मतःच जास्त लवचीक असतात त्यांना आणखी मोकळे करणे उलट अपायकारक ठरते. हा शेवटचा गुणधर्म फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांत पुष्कळदा सापडतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगायला हवे. आपण किंवा ओळखीच्या कोणी असा झटका घेतलाच असेल आणि त्यानंतर कधी झाली नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळायला त्रास, चेहऱ्याला बधिरपणा किंवा चालताना तोल जाणे, यांपैकी काहीही जाणवले, तर घरी थांबू नये; कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय त्याच क्षणी गाठावे.

तो उपचार कोण करतो, याचीही चौकशी करावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणात 4200 तासांपेक्षा कमी अध्यापन नसावे. आपल्याकडे चार दिवसांच्या कार्यशाळेत तंत्र शिकून आलेले लोकही हे नाव लावताना दिसतात. म्हणून पदवी कोणती, कुठली, किती वर्षांची, हे निःसंकोच विचारावे. जो आपले औषधोपचार ऐकून न घेता, तपासणी न करता थेट मानेला हात घालतो, जो पहिल्याच दिवशी एक्स-रे दाखवून ‘तुमचा मणका सरकलाय’ म्हणून घाबरवतो, किंवा जो डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगतो, त्याच्याकडून उठून यावे. गोळ्यांचा निर्णय आपल्या संधिवाततज्ज्ञांचा आहे. प्रिगॅबॅलिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखी औषधे एकदम थांबवली तर त्रास होतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-12 आणि सीआरपी (अंगात सूज आहे का ते दाखवणारी तपासणी) यांच्या तपासण्या झाल्या आहेत का, तेही त्यांना एकदा विचारून घ्यावे, कारण थायरॉइडची किंवा या जीवनसत्त्वांची कमतरताही अंगदुखीत भर घालते आणि ती सहज भरून काढता येते.

आता आपण काय करावे ते सांगते. आपल्यासारख्या शिक्षिकेचा दिवस मला ठाऊक आहे: पहाटेचा स्वयंपाक, एसटी किंवा दुचाकी, दिवसभर उभे राहून शिकवणे, वरून सर्वेक्षणाची कामे, आणि घरी आल्यावर पुन्हा ओटा. यात ज्या दिवशी जरा बरे वाटते त्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकली जातात आणि पुढचे तीन दिवस उठवत नाही. गौरी-गणपतीच्या आठवड्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांची संख्या दर वर्षी वाढते ती यामुळेच. हे चक्र मोडणे हा आपला पहिला उपचार. बऱ्या दिवशी जेवढे जमेल असे वाटते त्याच्या निम्मे करावे, आणि वाईट दिवशीही ठरवलेले थोडके सोडू नये.

चालणे अगदी पाच मिनिटांपासून सुरू करावे. रंकाळ्यावर सकाळी भराभर चालणाऱ्यांकडे पाहून पहिल्याच दिवशी पूर्ण फेरी मारणाऱ्या कितीतरी जणी आठवड्याने व्यायामच सोडून देतात. त्यांच्या दृष्टीने तो व्यायाम ‘बाधलेला’ असतो, प्रत्यक्षात मात्रा चुकलेली असते. पाच मिनिटे सलग आठवडाभर पचली की सहा-सात करावीत. दुखणे थोडे वाढले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्वपदावर आले तर मात्रा योग्य आहे. दोन दिवस टिकले तर एक पायरी खाली यावे, पण थांबू नये. जुलै-ऑगस्टच्या इथल्या पावसात, जेव्हा दमट गारठ्याने अंग अधिक आखडते असे बहुतेक रुग्ण सांगतात, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात चालावे. आंघोळीच्या गरम पाण्यानंतर अंग जरा सैल असते, ती वेळ चांगली.

सहा-आठ आठवड्यांनी ताकदीचे व्यायाम जोडावेत: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे पाच वेळा, भिंतीला हात लावून कोपरे वाकवणे पाच वेळा, अर्ध्या लिटर पाण्याच्या बाटल्या हळूहळू उचलणे. आठवड्यातून दोन दिवस पुरे. फळ्यावर लिहिताना हात सतत खांद्याच्या वर राहणार नाही अशा उंचीवर लिहावे, आणि दर तासाला दोन मिनिटे बसावे. मुलांना आपण कारण सांगितलेत तर ती समजून घेतात, मोठ्यांपेक्षा लवकर.

झोपेसाठी उठण्याची वेळ रोज तीच ठेवावी, रविवारीसुद्धा. दुपारनंतरचा चहा सोडावा. कोल्हापुरात हे सांगताना मला स्वतःलाच जड जाते, पण संध्याकाळचे दोन कप कमी केल्यावर गाढ झोप लागू लागल्याचे माझ्या रुग्णांनीच मला सांगितले आहे. घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा पाय अस्वस्थ होणे असे काही असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांवर वेगळे उपचार असतात.

या सगळ्याच्या जोडीने हाताचा उपचार घ्यायचा असेल तर जरूर घ्या. फिजिओथेरपिस्टकडे घ्या किंवा पूर्ण शिक्षण घेतलेल्या कायरोप्रॅक्टरकडे. पण ‘मला फायब्रोमायल्जिया आहे, मानेला आणि पाठीला झटका नको, हलक्या हाताने करा’ हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. पैसे एका वेळी एकाच सिटिंगचे द्या. आठवड्यातून एक याप्रमाणे चार ते सहा सिटिंग झाल्यावर थांबून पाहा, आणि पाहताना ‘दुखणे किती कमी झाले’ एवढाच प्रश्न विचारू नका, कारण या आजारात दुखण्याचा आकडा रोज वर-खाली होतो. वर्गात सलग किती वेळ उभे राहता येते, सकाळी उठल्यावर अंग मोकळे व्हायला किती वेळ लागतो, आठवड्यात किती दिवस चालणे झाले, हे उपचार सुरू करण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा लिहा. उभे राहण्याची दहा मिनिटे वीस झाली असतील, तर उपचार हळूहळू विरळ करत न्या. वहीत काहीच बदलले नसेल, तर ते पैसे आणि तो वेळ दुसरीकडे लावा.

नणंदबाईंना माझे हे उत्तर वाचायला द्यावे. त्यांनी व्हिडिओ दाखवला तो मायेपोटी, आणि या आजारात रोज संध्याकाळी सोबत दहा मिनिटे चालणारे माणूस फार उपयोगी पडते. त्यांना तेवढे मागा.